न भेटलेल्या बायांच्या गावी

आमच्या ऑफिसातल्या कागदांवर विश्वास ठेवला, तर शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी दोनदा जाऊन आलो आहे. प्रत्यक्षात एकदाच गेलो. हे वर्णन त्या एकाच प्रवासाचं आहे. पण न केलेल्या प्रवासाबद्दल आधी सांगितल्याशिवाय केलेल्याबद्दल सांगता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी पुण्यातल्या एका अवजारांच्या कंपनीत डिझायनर आहे. विळे, कोयते, खुरपी, झाऱ्या हे आमचं काम. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या साहेबांनी खुरप्याला प्लास्टिकची मूठ बसवायचं ठरवलं. ते नुकतेच कुठलीशी परिषद ऐकून आले होते आणि वस्तू करण्याआधी ती वापरणाऱ्याला विचारावं, हे तिथे त्यांना पटलं होतं. त्यांनी प्रश्नांचा फॉर्म छापून घेतला. मला म्हणाले, शिरूर-दौंडकडे जा, खुरपणाऱ्या चाळीस बायकांना भेट, फॉर्म भरून आण. आठवडा दिला.

मी गेलो नाही. याला सांगण्यासारखं कारण नाही. उन्हाळा होता, पण तो सगळ्यांनाच होता. खरं म्हणजे, अनोळखी बाईच्या बांधावर उभं राहून ‘तुम्ही खुरपं कसं धरता?’ असं विचारायची मला लाज वाटत होती. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता शनिवार आला, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून चाळीसच्या चाळीस फॉर्म स्वतः भरले. तीन पेनं वापरली. काही फॉर्म डाव्या हाताने लिहिले. दोन फॉर्मांवर हळदीचा डाग पाडला. बायको म्हणाली, एवढ्या मेहनतीत तुम्ही जाऊन आला असता. गावं नकाशावरून घेतली, नावं नात्यातल्या म्हाताऱ्यांची घेतली आणि आडनावं सुचतील ती जोडली. मुठीसाठी हाताचं माप हवं होतं. शाडूचा गोळा घेतला आणि स्वतःच्याच हातात दाबला. चार बोटांच्या चार खाचा सुरेख उमटल्या.

मूठ बाजारात आली, बऱ्यापैकी खपली, आणि ऑफिसात मी ‘माणसांत जाऊन काम करणारा’ म्हणून ओळखला जाऊ लागलो. नवी मुलं रुजू झाली की त्यांना माझी ती फाईल दाखवत. मी त्या वेळी चहाला खाली जात असे.

अकरा-बारा वर्षं अशी गेली. मग केतकी आली. डिझाइनचं शिक्षण घेऊन आलेली, चोवीस वर्षांची, आणि सोबत नवी साधनं. एक हँडीकॅम. दिवसभर माणसाच्या मागे सावलीसारखं राहून त्याचं काम पाहायची पद्धत. आणि पाच पिवळ्या चेहऱ्यांचे पत्ते, खदखदून हसणाऱ्यापासून ते धाय मोकलून रडणाऱ्यापर्यंत. वस्तू कशी वाटली ते बोलून सांगता येत नसेल, तर माणसाने चेहरा उचलून द्यायचा. आमच्या खात्याने ही साधनं फार प्रेमाने स्वीकारली. चेहऱ्यांचा पिवळा कोणता असावा यावर तीन आठवडे चर्चा झाली. हँडीकॅमसाठी कप्प्यांची पिशवी शिवून घेतली. कँटीनच्या चहाबद्दल शिपायाला विचारलं, त्याने रडका चेहरा दिला, तेव्हा साधन चालतं म्हणून साहेब खूश झाले. फक्त ते घेऊन ऑफिसाबाहेर कोणी जाईना. आम्हा डिझाइनवाल्यांचं असंच आहे. शिडी मिळाली की आधी तिला रंग देतो.

कंपनीला आता त्याच खाचांची, पण रबराची नवी मूठ काढायची होती. साचा महिन्याभरात टाकायचा होता. केतकीने माझी फाईल वाचली आणि ती थेट माझ्या टेबलाशी आली.

“सर, याच बायकांना पुन्हा भेटू या,” ती म्हणाली. “बारा वर्षं एकच वस्तू वापरलेली माणसं कुणाला मिळतात?”

साहेबांनी लगेच होकार दिला. नाही म्हणायला मला कारण सापडेना. फाईल खोटी निघाली तर नोकरी जाईल, असं मी धरूनच चाललो. जानेवारीतल्या एका मंगळवारी आम्ही एसटीत बसलो. केतकीच्या मांडीवर माझे चाळीस फॉर्म होते, आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती.

तळेगाव ढमढेरे

बाजार भरला होता. हिरव्यागार भाज्यांच्या राशी, गुळाच्या गुडीशेवेच्या पाट्या, आणि एका कडेला लोहाराची बाई पोत्यावर खुरपी मांडून बसलेली. सगळ्या मुठी लाकडी, गोल, साध्या. आमची मूठ तिच्याकडे नव्हती. ती पलीकडच्या दुकानात खिळ्याला टांगलेली होती, आणि तिच्यावरची धूळ पाहून मला आपलीच जुनी चप्पल कुणाच्या तरी अंगणात दिसावी तसं झालं.

दुकानात एक गृहस्थ भेटले. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. ऊस आणि कोबी करणारा माणूस. केतकीने यादीतली पाच नावं वाचली. मी डोळे मिटून घेतले. आप्पांनी विचार केला, पान गालात सरकवलं आणि सांगितलं, व्हय, हायेत की, एक वारल्या, दोघी माळावर राहायला गेल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आन् हे सायेब आलते की तवा. मला चांगलं ध्यानात हाय. बारीक होता तुमी.”

मी तेव्हाही बारीक नव्हतो.

आप्पांनी आम्हाला घरी नेलं. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात, आणि त्या प्रश्नाचा सूर ओळखून शहाणा माणूस नको म्हणतो. इथे कोणी विचारलंच नाही. आधी पाणी आलं, मग चहा, मग ‘जरासं खाऊन जावा’ म्हणून मासवड्या आणि भाकरी. पहिल्या घासाला मी अपराध विसरलो, हेही कबूल करतो. आप्पांच्या पत्नींनी आमचं खुरपं आणलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि त्यावरचा किमतीचा कागद अजून शाबूत होता. केतकीने पत्ते मांडले. त्यांनी जराही विचार न करता सगळ्यात हसरा चेहरा उचलला आणि दोन्ही हातांनी तिला दिला, हळदीकुंकवाला वाण द्यावं तसा.

संध्याकाळपर्यंत सात घरं झाली. सातही ठिकाणी तोच चेहरा. त्यांतल्या तीन घरांना मीही आठवत होतो. शेवटच्या घरी एका शेळीने ओसरीवरचा रडका चेहरा तोंडात धरला आणि तो सोडवेपर्यंत त्याचं अर्धं कपाळ चघळून टाकलं. केतकी हसत म्हणाली, नाहीतरी त्याची गरज पडत नाहीये. शिरूरच्या लॉजवर मुक्कामाला पोचेपर्यंत ती आनंदाने बोलत होती. मी खिडकीतून उसाकडे पाहत होतो. जिथे मी कधीच आलो नाही, तिथे लोक मला ओळखत होते, आणि मला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी आणखी अडकल्यासारखं वाटत होतं.

निमोणे

दुसऱ्या दिवशी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने निमोण्याला गेलो. जीपमध्ये मी अर्धा बाहेर होतो. उतरल्यावर कळलं, की उजव्या पायातली चप्पल वाटेतच कुठेतरी गळून पडली. समोरच्या दुकानात एक सुटी रबरी स्लीपर मिळाली. डाव्या पायात कातडी, उजव्यात निळी. त्या पायांनी हौसाबाईंसमोर गेलो.

हौसाबाई खुरपणाऱ्या बायकांच्या मुकादम. साठीच्या आसपासच्या, किडकिडीत, आवाज मात्र तीन शेतं ओलांडणारा. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, सून बचतगटाची सचिव. “जय भीम, बसा,” म्हणाल्या आणि आधी माझ्या पायांकडे पाहिलं. 

केतकीने यादी वाचली. निमोण्यातली मी अकरा नावं रचली होती. हौसाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, पण डोळे माझ्यावर होते. “पारूबाई बबन साळुंके,” केतकी म्हणाली. “यांनी सगळ्यात छान उत्तरं दिली होती. खुरप्याची मूठ म्हणजे बाईचं सहावं बोट, असं त्या म्हणाल्या होत्या.”

ते वाक्य मला त्या शनिवारी रात्री जेवताना सुचलं होतं. मला त्याचा तेव्हा अभिमानही वाटला होता.

हौसाबाईंनी आता केतकीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “पारू व्हय? ती आता लेकीकडं असती, दौंडला. तुमी आलता तवा माझ्या दारातच बसला होता न्हाई का तिच्याशी बोलत?”

मी मान हलवली. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतं असं नाही.

दुपारी हुरडा खाल्ला, गरम राखेतला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. पत्त्यांचा खेळ झाला. नऊ बायका, नऊ हसरे चेहरे. एक तरुण बाई मधल्या चेहऱ्याकडे हात नेत होती, तर शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. केतकीने ते पाहिलं नाही. मी पाहिलं. तिने तेवढ्यात वहीत लिहिलं होतं: उद्या दौंड, पारूबाई.

दौंड

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसांना शोधलं आहे, पण आपणच रचलेल्या बाईला शोधायला निघालेला दुसरा कोणी मला माहीत नाही. न्हावरे गावावरून गेलो. भीमेचं पात्र ओलांडलं की हवा बदलते. दौंड हे रेल्वेचं गाव. तिथे वेळ घड्याळावर कमी आणि गाडीवर जास्त चालते. ‘कर्नाटक गेली का?’ म्हणजे किती वाजले.

पहिल्या आळीत किराणावाल्याने सांगितलं, साळुंकेबाई ना, मागच्या गल्लीत. मागच्या गल्लीत एका आजींनी सांगितलं, होत्या इथंच, आता लाईनीपलीकडं गेल्या. लाईनीपलीकडे एक निवृत्त गार्ड भेटले. त्यांनी तर पारूबाईंची तब्येत सांगितली: गुडघे धरलेत, पण डोळे शाबूत आहेत. त्यांनी आम्हाला परत पहिल्या आळीकडे पाठवलं. कोणीही ‘माहीत नाही’ म्हणालं नाही. एवढ्या उन्हातून आलेल्या पाहुण्याला रिकामं परत पाठवणं त्यांना जमत नव्हतं. केतकीच्या टाचेला फोड आला होता. ती लंगडत होती आणि तरी म्हणत होती, सर, जवळ आलोय आपण.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात मी तिला बसवलं. ऑम्लेट-पाव मागवला. तो येईपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा धीर गेला असता.

“केतकी, पारूबाई नाहीत.”

“गेल्या?” तिचा चेहरा पडला.

“नव्हत्याच. चाळीसपैकी एकही नव्हती. मी कधी इकडे आलो नव्हतो.”

तिने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग विचारलं, का. मी म्हणालो, ऊन होतं. तिने पुन्हा विचारलं, का. मी म्हणालो, लाज वाटत होती. का? परक्या बाईसमोर आपल्याला काही माहीत नाही हे दिसेल म्हणून. का? कारण डिझायनरला माहीत असतं, असं मी समजत होतो. पाचव्यांदा तिने विचारलं नाही. पाच वेळा ‘का’ विचारायची ही पद्धत तिने आम्हालाच एका शुक्रवारी शिकवली होती. ती इतकी दुखते, हे त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

“ती फाईल मी घरी नेली होती,” ती म्हणाली. “आईला वाचून दाखवली होती.”

 ऑम्लेट आलं, थंड झालं. मग ती एकदम सरळ बसली.

“पण मग तुम्ही आठवता म्हणणारे लोक?”

“मीही तोच विचार करतोय,” मी म्हणालो. “मी आलोच नव्हतो, म्हणजे ते पाहुण्याचं मन राखायला खोटं बोलले. आणि ज्यांना मी आठवतो, त्यांनीच हसरे चेहरे दिलेत.”

तिने पिशवीतून वही काढली. तळेगाव, निमोणे, सगळी पानं एका चेहऱ्याने भरलेली. ती पानं उलटत गेली आणि शेवटी वही मिटली. तिचा राग गेला नव्हता. पण त्या रागाला आता काम मिळालं होतं. साचा टाकायला तीन आठवडे होते, आणि आमच्याकडे एकही खरं उत्तर नव्हतं.

पुन्हा निमोणे

चौथ्या दिवशी आम्ही पत्ते आणि हँडीकॅम लॉजवर ठेवून गेलो. हौसाबाईंची टोळी कांद्याच्या वाफ्यांत बसली होती. केतकीने एवढंच सांगितलं, की आम्हालाही एकेक वाफा द्या. बायका लाजल्या, हसल्या, सतरंजी आणायला निघाल्या. केतकी तोवर मातीत बसली होती. मी माझ्या मुठीचं खुरपं हातात घेऊन बसलो.

अर्ध्या तासात माझी कंबर गेली. तासाभरात तळहाताला फोड आले. बायका पुढे गेल्या, मी मागे. दोन्ही बाजूंच्या दोघी हळूच माझ्या वाफ्यातलं गवत काढत होत्या, पाहुण्याचं काम मागे दिसू नये म्हणून.  मग लव्हाळ्याची गाठ काढताना खुरपं निसटलं आणि हातभर जागेतली कांद्याची रोपं मुळासकट वर आली. मी ती घाईघाईने परत रोवायला लागलो.

“ए बाबा, थांब तिथंच,” हौसाबाईंचा आवाज आला. “कांदा काय तुझ्या बाचा हाय? गवत कुठलं आन् कांदा कुठला, दिसंना व्हय? सरक मागं.”

 मग सगळ्या बायका हसल्या, आणि त्या हसण्यात पत्त्यांवरचा तो चेहरा नव्हता. मलाही हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. ज्याला शिव्या खाव्या लागतात तो पाहुणा राहत नाही, तो मजूर होतो.

जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसल्यावर मी मूठ हौसाबाईंच्या हातात दिली आणि पुन्हा विचारलं, कशी आहे. त्यांनी ती धरून पाहिली. त्यांची बोटं खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर येत होती. त्यांनी माझा हात ओढला, मूठ माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटली. चारही बोटं खाचांत नेमकी बसली.

“ही तुमच्याच हाताची हाय,” त्या म्हणाल्या. “बाईचा हात घेतलाच न्हाई तुमी.”

मग जे सुरू झालं ते केतकीला लिहिता लिहिता पुरेना. खुरपं एका जागी धरून चालत नाही, त्या सांगत होत्या. गवत कोवळं असलं की हात पुढं, हराळी असली की मागं, दुपारनंतर उजवा दुखला की डाव्यात. खाचा हात एका जागी बांधून टाकतात. कुणी मुठीवर चिंधी गुंडाळली होती, कुणी सायकलची ट्यूब. एकीने मूठ चुलीवर वितळवून काढली होती आणि लाकडी बसवली होती. एकीच्या दाराला ती कडी म्हणून होती. ती म्हणाली, कडीला लई चांगली हाय, सायेब. ते मात्र लिवून घ्या.

सगळ्या उठल्यावर मी हौसाबाईंना म्हणालो, की मी त्या वेळी आलो नव्हतो, पारूबाईही नव्हत्या.

“म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “मी जन्मापासनं हितं हाय. गावात पारू बबन कोन न्हाई.”

“मग दौंडला का पाठवलंत?”

“ती पोरगी किती आशेनं वाचत होती. आन् तुमचं तोंड बघितलं मी.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “तिच्यासमोर तुमची लाज जावी, हे माझ्या दारात नको होतं. म्हनलं, वाटंत सांगतील तर सांगतील.”

पुणे

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. राजीनामा खिशात होता. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, त्या काळी सगळेच असं करत, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका. वर चहा मागवला. मला ते सगळ्यात कठीण गेलं. एवढा चांगुलपणा मला नको होता, पण तो नाकारायचा कसा, हेही मला येत नव्हतं.

खाचांचा साचा टाकला नाही. नवी मूठ गोल आहे, जराशी लांब, कुठेही धरता येणारी. तिच्यात डिझाइन असं काही दिसत नाही.

आठवड्याने केतकी अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आली. ‘पूर्वीचा अभ्यास’ या मथळ्याखाली तिने एकच ओळ लिहिली होती: या भागात यापूर्वी कोणताही अभ्यास झालेला नाही. खाली दोन सह्यांची जागा होती. तिची झालेली होती.

मी सही केली. तिने कागद उचलला, शाईवर फुंकर घातली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “चप्पल घेतली का सर? गुरुवारी निमोण्यात कांद्याची दुसरी खुरपणी आहे. तुमचा वाफा हौसाबाईंनी वेगळा ठेवलाय, कडेचा, जिथे काही बिघडवता येणार नाही असा.”